मृगाला सुरुवात, थंडीत शर्यत: पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी

पहाटे साडेपाचला परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेची माणसं पळताना दिसतात. एक भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर असतं. सेकंदांवर मार्क ठरतात, म्हणून ती जीव तोडून पळतात आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. दुसरी माणसं आमच्यासारखी: मास्तर, बँकेतले, दुकानदार, दोन-चार डॉक्टर, हल्ली बऱ्याच बायकाही. यांना १० किंवा २१ किलोमीटरची शर्यत पुरी करायची असते. अडचण अशी की नवीन येणारा माणूस भरतीच्या पोरांकडे बघून पळायला शिकतो. पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या सुसाट मारतो, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहतो, चार दिवसांत नडगी धरते आणि दुसऱ्या आठवड्यात तो दिसेनासा होतो. अशी कितीतरी माणसं मी पाहिली. त्यातली बहुतेक जण आरामात २१ किलोमीटर पळू शकले असते. त्यांना हळू पळायला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनच्या बरोबर निम्मी. आज तुम्हाला बसस्टँडपर्यंत पळत जाता येत नसेल, तरी सहा महिन्यांत हे अंतर पार करता येतं. पुढे जे लिहिलंय ते अशाच माणसासाठी.

सुरुवात कधी करायची

आपल्याकडे बरेच जण १ जानेवारीला पळायला लागतात. थंडी असते, उत्साह असतो. पण अंतर वाढवायची वेळ येते तेव्हा मार्च संपत आलेला असतो, सकाळी आठलाच ऊन चटके देतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की सगळं सुटतं. मराठवाड्यात पळण्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं मी मानतो. मृगाचा पहिला पाऊस पडला, हवा जरा निवली, की सुरुवात करायची. पावसाळाभर पाया घालायचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंतर वाढवायचं आणि डिसेंबर-जानेवारीत शर्यत पळायची. शर्यतीही नेमक्या तेव्हाच असतात. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास, मुंबईची साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आणि आपल्या भागातल्या शर्यतीही बहुतेक थंडीतच.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन तपासूनच सुरुवात करावी, हे मी आग्रहानं सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. रक्त कमी असताना पळायला लागलं की दम लागतो, पाय भरून येतात आणि बाई स्वतःलाच दोष देते, 'मला जमतच नाही.' जमत असतं. आधी रक्त भरून काढायला हवं.

बूट हा एकच खर्च टाळू नका. रनिंगचेच बूट घ्या, संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे घ्या. चांगला जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, नंतर वरून नवा दिसला तरी तळव्याचा मऊपणा मेलेला असतो. बायकांनी दुसरा खर्च नीट बसणाऱ्या स्पोर्ट्स ब्राचा करावा. बाकी कपडे साधे चालतात. फक्त सुती बनियन नको, ते घाम धरून जड होतं आणि काचतं.

हळू म्हणजे किती हळू

पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. 'काल लेकीचा निकाल लागला, बरे मार्क पडले' एवढं न थांबता म्हणता येत असेल तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त. एकटे असाल तर हरिपाठाचा एक अभंग म्हणून बघा. घड्याळ, ॲप, हृदयाचे ठोके हे सगळं नंतर.

एकदा भरतीच्या एका पोरानं मला विचारलं होतं, "काका, इतकं हळू पळून काय होतंय हो?" उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकलो नाही, आता देतो. हळू पळताना शरीर प्राणवायू वापरून, चरबी जाळून चालतं. या वेगानं महिनोन्‌महिने पळत राहिलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं, पोटऱ्या-मांड्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, स्नायूंना इंधन पुरवून पुरवून वापरायची सवय लागते. जोरात पळालं की शरीर साठवलेली साखर भराभर जाळतं. १६०० मीटरला ती पुरते. २१ किलोमीटरला पुरवावी लागते.

दुसरं कारण हाडांचं. दम चार-सहा आठवड्यांत वाढतो. कंडरा, सांधे आणि हाडं मात्र मजबूत व्हायला कित्येक महिने घेतात. म्हणून दुखापती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होतात: छाती म्हणते पळ, आणि नडगी अजून तयार नसते. त्या दिवसांत अंगात आलेला जोर आवरणं हीच खरी मेहनत आहे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे प्रत्येक किलोमीटर २ मिनिटं ५२ सेकंदांत. पुढे स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्यानं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. आपल्या मातीतला पोरगा म्हणून ऊर भरून येतो. पण हे विसरू नका की हाच अविनाश लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर तुडवत होता. पाया आधीच पडलेला होता. आपल्यातले बरेच जण मोटारसायकलवर वाढलो, आपला पाया आता घालायचाय.

पहिले आठ आठवडे

आठवड्यातले चार दिवस, शक्यतो दिवसाआड. रोज आधी पाच मिनिटं झपाझप चालायचं.

पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सात वेळा. पाचव्या-सहाव्यात चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, सहा वेळा. सातव्या-आठव्यात अर्धा तास सलग पळून बघायचं. जमलं नाही तर मागचा आठवडा पुन्हा करायचा, त्यात कमीपणा काही नाही. वजन जास्त असेल तर प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ द्या.

मधल्या दिवसांत दोनदा, घरीच, वीस मिनिटं व्यायाम: बैठका, जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा उचलून सावकाश खाली सोडणं, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं), एका पायावर उभं राहणं. पोटरी आणि कुल्ला मजबूत असेल तर गुडघा वाचतो. एवढं तरी कराच. माझा गुडघा दुसऱ्या वर्षी धरला होता तो हे न केल्यामुळेच.

पावसाळ्यात आपली काळी माती हा वेगळा विषय आहे. शेताच्या वाटेवर पळायला गेलात तर प्रत्येक बुटाला किलोभर चिखल लागतो आणि घोटा मुरगळतो. ओल असेपर्यंत डांबरी रस्ता किंवा मैदान बरं. दिवाळीनंतर पांदीचे रस्ते वाळले की ते पायाला मऊ लागतात, फक्त गाडीच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या असतात, त्यावर नजर ठेवा. छत्रपती संभाजीनगरात असाल तर विद्यापीठाचा परिसर आणि गोगाबाबा टेकडी चढाच्या सरावाला फार चांगली, नांदेडला विष्णुपुरीचा विद्यापीठ परिसर आहे, आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी क्रीडा संकुलाचं मैदान असतंच. तालुक्याच्या गावी असाल तर शाळेचं मैदान पुरेसं आहे.

अंतर वाढवण्याचे सतरा आठवडे

अर्धा तास सलग जमला, की ऑगस्टच्या मध्यापासून दुसरा टप्पा. आता आठवड्यात तीन दिवस ५ ते ७ किलोमीटर हळू, आणि रविवारी एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. सगळी तयारी या रविवारच्या भोवती फिरते. रविवारची अंतरं अशी ठेवा, किलोमीटरमध्ये:

६, ७, ८, ६, ९, १०, ११, ८, १२, १४, १०, १५, १६, १२, १८, ११, आणि सतराव्या रविवारी शर्यत.

दर काही आठवड्यांनी अंतर खाली आलंय ते चुकून नाही. शरीर वाढतं ते विश्रांतीत. ज्यांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांचीच दुखापत मी जास्त पाहिली आहे. सरावात २१ पळायची गरज नाही. १८ झाले की शेवटचे तीन शर्यतीच्या दिवशी होतात.

बाराव्या आठवड्यापर्यंत वेगाचा विचारही करू नका. नंतर वाटलं तर आठवड्यातल्या एका दिवशी मधली १५ मिनिटं जरा जोरात, म्हणजे दोन-तीन शब्दच बोलता येतील इतकं. पहिल्या शर्यतीला एवढं खूप झालं.

नवरात्रात आपल्याकडे घरोघरी उपवास असतात, कुणी तुळजापूरला पायी जातं. कडक उपवास असेल तर त्या नऊ दिवसांत लाँग रन करू नका, नुसतं चाला. फराळाचा उपवास असेल तर रताळी, राजगिरा, केळी, दही यांवर ५-६ किलोमीटर होतात, पण पाणी सोडून पळू नका. तुळजापूरला चालत जाणार असाल तर त्या रविवारचा लाँग रन त्यातच धरा. पायी वारी करून आलेल्या माणसाला पायाचे फोड कसे टाळायचे ते विचारा, तो सगळ्यात नेमकं सांगेल: मोजा कोरडा, चोळण्याच्या जागी तेल किंवा व्हॅसलिन, नखं कापलेली.

दुखणं दोन प्रकारचं असतं. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या भरून येणं, जिना उतरताना जाणवणं, दोन-तीन दिवसांत जाणं: हे चालतं. एका बाजूला, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखणं, पळताना वाढत जाणं, रात्री झोपेतही ठणकणं: पळणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि त्यावर पळत राहिलात तर अख्खा हंगाम जातो.

रस्ता

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की बीड, लातूर, परभणी, धाराशिव सगळीकडे पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. मला या लेखातलं सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हेच: समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूनं पळा, अंगावर चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट घाला, आणि दोन्ही कानांत हेडफोन घालू नका. हायवे टाळा. अंधारात डोक्याला बांधायची बॅटरी फार कामाची.

कुत्री मागं लागली तर पळू नका. थांबा, चालायला लागा, डोळ्याला डोळा देऊ नका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुन्यात वेळ घालवू नका.

बायकांनी, विशेषतः सुरुवातीला, दोघी-तिघी मिळून पळावं. लोक काय म्हणतील याची भीती पहिले पंधरा दिवस असते, मग रस्त्यालाच सवय होते. आमच्या गटातली एक वहिनी पहिले तीन महिने सलवार-कमीज आणि ओढणीवर पळाली. आता तिच्या गल्लीतल्या पाच जणी येतात.

पाणी आणि खाणं

लाँग रनच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगानं वजन करा. मध्ये पाणी प्यायला नसाल तर एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. दोन-तीन रविवारी केलं की तुमच्या घामाचा अंदाज येतो. ऑक्टोबरच्या उन्हात आणि डिसेंबरच्या थंडीत हा आकडा पुष्कळ बदलतो, तेव्हा दोन्हीकडे मोजा.

तासाच्या आतल्या पळण्याला मध्ये काही लागत नाही. त्यापुढे दर वीसेक मिनिटांनी थोडे घोट, तहान लागेल तसे. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा सपाट, चहाचा. वर लिंबू पिळा. बाजारच्या पावडरींइतकंच काम होतं. आणि एक सावधगिरी: भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसू नका. रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळ होतो, आणि ते डिहायड्रेशनइतकंच धोक्याचं आहे. सावकाश पळणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबतात.

शरीरात साठलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते. आपली हाफ अडीच-तीन तासांची. म्हणून पाऊण तासानंतर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, गुळाचा खडा, एनर्जी जेल, जे पोटाला चालेल ते. काय चालतं हे लाँग रनमध्येच ठरवायचं, शर्यतीत नवा प्रयोग नको.

रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे, दही, अंडी हे पळणाऱ्याला पुरेपूर आहे, वेगळी पावडर लागत नाही. पण शर्यतीच्या आधीचे दोन दिवस भाकरी, पिठलं, उसळ आणि ठेचा बाजूला ठेवा. ज्यानं पोट साफ राहतं, त्यानंच १२व्या किलोमीटरला झाडाआड जावं लागतं. दोन दिवस भात-वरण, बटाटा, पोळी, केळी, मऊ खिचडी. छत्रपती संभाजीनगरला शर्यतीला आलेल्या पाहुण्यांनी नान-कलिया जरूर खावा, पण रविवारी दुपारी.

शेवटचा आठवडा

शर्यतीच्या आठवड्यात पळणं निम्म्यावर आणा. दोन वेळा ४-५ किलोमीटर, तेही आरामात. पाय शिवशिवतील, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. राहिलेली तयारी या आठवड्यात भरून निघत नाही, फक्त पाय थकतात. झोप मात्र आठवडाभर नीट घ्या. आदल्या रात्री झोप लागत नाहीच, तिचं मनावर घेऊ नका. त्याच्या आदल्या रात्रीची झोप जास्त महत्त्वाची.

मोठ्या शहरातल्या शर्यतीला जाणार असाल तर दोन गोष्टी. एक, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, आधीच्या दिवसांत ओळखपत्र दाखवून घ्यावं लागतं. म्हणजे शुक्रवारी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस किंवा दुसरी गाडी धरून शनिवारी सकाळी पोचणं बरं. शनिवार रात्र गाडीत काढून रविवारी पहाटे स्टार्ट लाइनवर उभं राहू नका. आणि शनिवारी शहर बघत दहा किलोमीटर चालू नका.

दोन, हवा. परभणीत डिसेंबरमध्ये पारा ५-६ अंशांपर्यंत उतरलेला आपण पाहतो, आणि आपली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. मुंबईत जानेवारीतही हवा दमट, घाम अंगावरून निथळतो पण वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. सरावातल्या वेगाला तिथे किलोमीटरमागे १५-२० सेकंद सोडून द्या, आणि वर पेडर रोडचा चढ लक्षात ठेवा. पहिली शर्यत जवळपासची निवडणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत.

आदल्या संध्याकाळी सगळं एका जागी मांडा: बूट, मोजे, वापरलेले कपडे, टाचण्या, व्हॅसलिन, खजूर, टोपी, परत येताना घालायला चपला. बिब पुढच्या बाजूला चार टाचण्यांनी लावा. वेळ मोजणारी चिप बिबला चिकटवलेली असेल तर त्याची घडी करू नका. मागच्या बाजूला रक्तगट, घरच्यांचा नंबर आणि चालू औषधं लिहा.

शर्यतीचा दिवस

सुरू होण्याच्या अडीच-तीन तास आधी उठा. चहा सवयीचा असेल तर घ्या. दोन केळी किंवा ब्रेडला मध-गूळ लावून खा. काखा, मांड्या, स्तनाग्रं आणि पायाची बोटं यांना व्हॅसलिन लावा. पुरुष स्तनाग्रांचं विसरतात आणि पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे डाग घेऊन येतात. शौचालयाच्या रांगा लांब असतात, तासभर आधी मैदानावर पोचा. दुखू नये म्हणून आधीच ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका, पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला त्रास देते.

स्टार्टला मागच्या बाजूला उभे राहा. तुमची वेळ चिपमुळे तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते, बंदूक वाजल्यापासून नाही. फक्त कटऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची शेवटची मुदत, कधीपासून धरतात ते आयोजकांच्या पत्रकात वाचून ठेवा. तीन तासांत पुरी करायची तर किलोमीटरला ८ मिनिटं ३२ सेकंद, पावणेतीनला ७:४९, अडीचला ७:०७.

आता सगळ्यात अवघड पहिले तीन किलोमीटर. ढोल वाजत असतात, सगळे पुढे जातात, पाय आठवडाभर आराम केलेले असतात. माझ्या पहिल्या हाफला मी सरावात साडेसातच्या पेसनं (किलोमीटरला साडेसात मिनिटं) पळणारा माणूस पहिले पाच किलोमीटर साडेपाचनं गेलो. १६व्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले आणि उरलेलं अंतर रस्त्याच्या कडेनं चालत, थांबत काढलं. माझ्या शेजारून सत्तरीतल्या एक आजी शांतपणे पुढे गेल्या. त्यांची चाल मला आजही आठवते. पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा १५ सेकंद हळूच जा. लोक पुढे जाऊ द्या. त्यातले बरेच १५व्या किलोमीटरला भेटतात.

पाण्याच्या टेबलाशी चालत प्या. एका ठिकाणी ओळीनं टेबलं असतात, त्यातल्या पहिल्यावर गर्दी असते, शेवटच्यावर नसते. कप तोंडाशी चिमटून धरला की सांडत नाही. बाटली दिली तर दोन घोट पिऊन फेकू नका, बरोबर घ्या, पुढच्या टेबलापर्यंत वापरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. शर्यतीनंतर रस्त्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा खच बघून पोटात कालवतं. शिवाय मागे येणाऱ्यांना पाणी उरत नाही: एका शर्यतीत शेवटच्या दोन ठिकाणची टेबलं रिकामी मिळाली होती. तेव्हापासून मी एक छोटी बाटली कमरेला लावूनच पळतो, तुम्हीही लावा.

गोळे आले तर थांबून ताणा, सावकाश चाला, मग हळू पळा. थकलेला स्नायू असं करतो, नुसत्या मिठानं तो सुटत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, उन्हातही थंडी वाजून काटा येणं, आपण कुठे आहोत ते कळेनासं होणं: यातलं एकही जाणवलं तर तिथेच थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. दुसरा कुणी बरळताना, झोकांड्या खाताना दिसला तर तुमची वेळ सोडा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, ओले कपडे मानेवर-काखेत ठेवा, वारा घाला, अँब्युलन्स येईपर्यंत हे करत राहा. उष्माघातात आधी अंग थंड करणं महत्त्वाचं.

शेवटच्या ५०० मीटरला सुसाट सुटू नका. शेवटच्या रेषेशी कोसळणारी माणसं असतात. रेषा ओलांडल्यावर लगेच थांबू किंवा बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, नाहीतर पायात रक्त साठून भोवळ येते. मेडल घ्या, फोटो काढा, ओला टी-शर्ट बदला, तासाभरात नीट जेवा.

घड्याळ २१.३ किंवा २१.४ किलोमीटर दाखवेल. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेनं मोजलेला असतो आणि वळणांवर आपण त्या रेषेनं पळत नाही, म्हणून. आयोजकांशी भांडू नका.

पुढचे दोन दिवस जिना उतरताना मांड्या रडवतील, कठडा धरून उतरा. आठवडाभर पळायचं नाही, रोज अर्धा तास चालायचं. नख काळं पडलं असेल तर उपटू नका, आपोआप पडतं. आठ-दहा दिवसांनी अर्धा तास हळू पळा आणि कुठे काय दुखतं ते वहीत लिहून ठेवा, त्याच पानावर शर्यतीत काय खाल्लं, किती पाणी लागलं, कुठल्या किलोमीटरला पाय जड झाले तेही. पुढच्या जूनमध्ये ती वही लागेल.